शालीची आठ पानं कापू नका: किशोर फँटसीच्या प्रकाशकांना खुलं पत्र

किशोरवयीन वाचकांसाठी फँटसी कादंबऱ्या छापणारे प्रकाशक आणि त्यांच्या मालिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही हस्तलिखितांवर काम करणारी माणसं आहोत. कुणी मजकूर-संपादन करतं, कुणी छपाईआधीची मुद्रितं तपासतं, कुणी भाषांतर करतं. जादूच्या शाळेत दाखल झालेल्या अनाथ मुलाची किंवा मुलीची गोष्ट हा आमच्या टेबलावर सतत येणारा प्रकार आहे आणि आमचा फार लाडका आहे. या हस्तलिखितांसोबत आपल्याकडून येणारी सूचनाही आता ठरून गेली आहे: मूल लवकरात लवकर शाळेत पोचवा, आईवडिलांच्या आठवणींची पानं कमी करा, पुस्तक ठरलेल्या पानांत बसवा. ही सूचना आम्हाला मान्य नाही. समासात नोंदी लिहून झाल्या, चर्चा करून झाल्या. ज्यांच्यासाठी ही पुस्तकं निघतात त्या वाचकांनाही हा वाद कळायला हवा, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

आमचं म्हणणं एवढंच आहे की या गोष्टीत अनाथपण हा कथेचा पाया असतो, आणि आपण त्याला पहिल्या प्रकरणात वापरून फेकायची सोय समजता. पालक नसले की मुलाला रात्री बाहेर पडायला कुणी अडवत नाही, जिवावर बेतलं तरी घरी कळवावं लागत नाही, हे खरं आहे. पण ज्या गोष्टीमुळे लेखकाची सोय होते तिची किंमत मुलाला कुठेतरी मोजावी लागते. ती मोजली जाताना दिसणारी पानं कापली की उरते ती नुसती भटकंती.

एक प्रसंग जवळून पाहू. समजा, नायिका अकरा वर्षांची आहे. शाळेत येताना तिनं ट्रंकेतून आईची शाल आणली आहे. ती शाल ती पांघरत नाही. उशीखाली घडी करून ठेवते, कारण शालीला अजून आईचा वास आहे. तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहाचा धुण्याचा दिवस येतो. धुणं जादूनं होतं: एक मंत्र, आणि खोलीतलं सगळं कापड स्वच्छ. मंत्र म्हणणारी बाई दुष्ट नाही, तिनं आपलं काम नीट केलेलं आहे. संध्याकाळी मुलगी शाल काढते, नाकाशी नेते. घडी उलटी करून दुसरी बाजू हुंगते, मग टोकाचे गोंडे. काहीच नाही. साबणाचासुद्धा वास नाही, कारण जादूच्या धुण्यात साबण नसतो. मग ती शाल पुन्हा पहिल्यासारखी घडी करून उशीखाली ठेवते आणि जेवायला जाते.

अशा पानांवर हमखास शेरा येतो: ‘इथे काही घडत नाही, काढावं.’

इथे चार गोष्टी घडल्या आहेत. या जगातली स्वच्छतेची जादू उलटवता येत नाही, हा नियम वाचकाला कळला, तोही शिक्षकाच्या व्याख्यानाशिवाय. जादूनं नुकसान व्हायला खलनायक लागत नाही, हे कळलं. शाळा प्रेमळ असली तरी या मुलीला ओळखत नाही, हे कळलं. आणि चौथी गोष्ट म्हणजे पुढच्या सगळ्या कथानकाचं कारण इथे तयार झालं. शंभर पानांनंतर ही मुलगी कुलूपबंद दालनात घुसून ‘गेलेलं परत आणण्याचे’ मंत्र शोधणार आहे. शालीची पानं काढली की त्या चोरीला कारण उरत नाही. मग लेखकाला घाईघाईनं ‘तिला फार कुतूहल वाटलं’ असं एक वाक्य घालावं लागतं आणि पुढची चाळीस पानं त्या एका वाक्याच्या आधारावर लटकत राहतात. ‘मधला भाग पकड घेत नाही’ अशी तक्रार नंतर आपणच करता. बहुतेक वेळा त्याचं मूळ मध्यात नसून सुरुवातीच्या या कापाकापीत असतं.

वाचक अशा ठिकाणी कंटाळतो, हा आपला दुसरा युक्तिवाद. या प्रकारातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक उघडून पाहा. ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’ १९९७ साली आलं. त्याची एकूण १७ प्रकरणं आहेत. १२व्या प्रकरणात हॅरीला एका आरशात आपले मेलेले आईवडील दिसतात आणि तो पुन्हा पुन्हा तिथे जाऊन बसतो. तिसऱ्या रात्री मुख्याध्यापक त्याला तिथून उठवतात. पानं वाचवायची म्हणून कुणालाही पहिल्यांदा कात्री लावावीशी वाटेल असं हे प्रकरण आहे. पण शेवटच्या, १७व्या प्रकरणात तोच आरसा परत येतो आणि परीस त्याच्यातूनच मिळतो. आरशात प्रत्येकाला मनातली खोल इच्छा दिसते, हा नियम वाचकानं मुलाच्या दुःखातून शिकलेला असतो, म्हणून शेवट समजावून सांगत बसावं लागत नाही. १२वं प्रकरण काढलं असतं तर १७वं उभंच राहिलं नसतं.

आता पानांचा प्रश्न. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गटात, छापलं जातं, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. २४८ पानं झाली तर पंधरा फर्म्यांत, म्हणजे २४० पानांत, बसवायला आठ पानं जास्त होतात आणि शालीची पानं नेमकी आठ असतात. पण कात्री उचलण्याआधी पानावरच्या ओळी मोजा. शीर्षकपान, श्रेयपान, अनुक्रम वगैरे आठ पानं सोडली तर मजकुराची पानं २४०. पानावर २८ ओळी असतील तर एकूण ओळी ६,७२०. आता पानावर २९ ओळी घ्या. २३२ पानांत ६,७२८ ओळी मावतात. एकही शब्द न कापता पुस्तक पंधरा फर्म्यांत बसलं. समास किंचित कमी होतो, अक्षराला हात लावावा लागत नाही. आठ ओळींचीच मोकळीक उरते, म्हणून प्रकरणांच्या शेवटी एकदोन ओळी लोंबणारी पानं आधी हेरून ठेवावी लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसऱ्या मेजवानीचं वर्णन कापा, तिसरा सामना कापा. अशा हस्तलिखितांत पहिली मेजवानी शाळेची ओळख करून देते, दुसरी फक्त पदार्थांची यादी वाढवते.

पुढची तक्रार पालकत्वाची. जादूची शाळा पत्र पाठवते, मूल निघतं, संपलं. प्रवेशाच्या दिवशी नोंदवही उघडणारा एक तरी कारकून असेल ना? नाव, वय, आई, वडील, पालकाची सही, सुट्टीतला पत्ता, आजारपणात कुणाला कळवायचं. त्या रकान्यांसमोर त्याची लेखणी जिथे थांबते तिथे कादंबरी सुरू होते. तो रिकाम्या जागी रेघ मारतो का? स्वतःहून ‘शाळा’ असं लिहितो का? की मान वर करून मुलाला विचारतो? तिन्हींतून तीन वेगळ्या शाळा तयार होतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क करारात यासाठी स्पष्ट कलमं आहेत. कलम १२ म्हणतं की मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐकून घेतलं पाहिजे. कलम २० नुसार कुटुंबाला पारखं झालेलं मूल विशेष संरक्षणाला पात्र असतं. कलम २५ नुसार अधिकृत यंत्रणेनं सांभाळासाठी कुठे ठेवलेल्या मुलाच्या परिस्थितीचा ठराविक काळानं आढावा घेतला पाहिजे. जादूच्या राज्यात हा करार लागू नाही, कबूल. पण ही तीन कामं तिथे कोण करतं आणि कुणीच करत नसेल तर त्याचे परिणाम काय, हे लेखकाला ठरवावंच लागेल आणि संपादकाला विचारावंच लागेल.

सुट्टीचा प्रश्न त्यातलाच. सत्र संपतं, मुलं घरी जातात. अनाथ मूल कुठे जातं? ‘मित्राच्या घरी’ हे उत्तर एका पुस्तकापुरतं चालतं. सात भागांच्या मालिकेत दर वर्षी दोन लांब सुट्ट्या धरल्या तर चौदा सुट्ट्या होतात. त्या चौदांचा तक्ता पहिल्या भागाचं संपादन सुरू होण्याआधी लेखकाकडून मागून घ्या. तो नसला की तिसऱ्या भागात पहिल्यांदा दिसणारे काका पहिल्या भागात कुठे होते, हा प्रश्न वाचक विचारतात आणि त्यांचं बरोबर असतं.

‘अनाथ’ म्हणजे आई नाही आणि वडीलही नाहीत, हे गृहीतही जरा तपासू या. युनिसेफच्या व्याख्येत एक पालक गमावलेलं मूलही येतं. त्यांच्या २०१५च्या अंदाजानुसार अशी मुलं जगात सुमारे १४ कोटी होती आणि त्यांतली दोन्ही पालक गमावलेली १ कोटी ५१ लाख. म्हणजे नवांत साधारण एक. बाकीच्या मुलांची आई किंवा वडील हयात आहेत आणि तरीही घर पूर्वीचं राहिलेलं नाही. एक पालक असलेलं मूल जादूच्या शाळेत निघालं तर मागे राहणारं माणूस एकटं पडतं आणि दर पत्राला वजन येतं. पत्र लिहायला उशीर झाला, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहील. हे जवळजवळ कुणी लिहीत नाही, कारण ‘पूर्ण अनाथच हवा’ असं आपण आधीच सांगून ठेवलेलं असतं.

शोक कसा लिहिलेला असतो याबद्दल. दोन टोकं दिसतात: मूल पहिल्या प्रकरणात रडतं आणि पुन्हा कधीच नाही, किंवा दर दहा पानांनी डोळे भरून येतात. मुलांचा शोक तुकड्यातुकड्यांनी येतो. आत्ता हुंदके देणारं मूल दहा मिनिटांनी खेळायला पळतं, आणि चार महिन्यांनी कुणाच्या तरी आईनं डब्यात दिलेला खाऊ पाहून गप्प होतं. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर पुन्हा चालू होत नाही आणि मरण सगळ्यांनाच येतं, एवढं मुलांना साधारण ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान समजू लागतं. त्यामुळे अकरा वर्षांच्या नायकाला ‘आई ताऱ्यांत गेली’ हे खरंच वाटतंय असं दाखवलं तर वाचक पुस्तक मिटतो. वय वाढतं तसा तोच मृत्यू नव्यानं समजतो. अकराव्या वर्षी मूल विचारतं, ‘ते कसे गेले?’ तेराव्या वर्षी, ‘मला खरं का नाही सांगितलं?’ सोळाव्या वर्षी, ‘माझ्या वयाचे असताना ते कसे होते, चांगले होते का?’ सात भागांच्या मालिकेला वाढायला एवढी मोठी जागा असते आणि ती मोकळी पडून राहते.

तपासायची पद्धत सोपी आहे. हस्तलिखितात गेलेल्या आईवडिलांचा जिथे जिथे उल्लेख येतो तिथे एकाच रंगाची खूण करा. आठवण, वस्तू, स्वप्न, इतरांचं बोलणं, सगळं. मग खुणांमधलं अंतर पाहा. पहिल्या तीस पानांत पंधरा खुणा आणि मग दीडशे पानं कोरी असतील तर दुःख ‘उरकलं’ गेलं आहे. खुणा सारख्या अंतरानं येत असतील तर तेही खोटं, आठवण घड्याळ लावून येत नाही. सोबत वस्तूंची यादी करा. दुसऱ्या प्रकरणात लाल दोऱ्यात ओवलेली किल्ली नवव्या प्रकरणात चांदीच्या साखळीत दिसते, ही चूक मुद्रितात सापडते तेव्हा उशीर झालेला असतो. त्या मुलाकडे त्याच्या आईवडिलांच्या मोजून तीन वस्तू असतील तर त्यांतल्या एकीचा दोरा बदलणं ही किरकोळ चूक नाही.

आणि जादूची मर्यादा! जादू येणाऱ्या अनाथ मुलाच्या मनात येणारा पहिला प्रश्न ‘मी उडू शकेन का’ हा नसतो. तो असतो, ‘त्यांना परत आणता येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात यायला हवं. नाही असेल तर का नाही, आणि हो असेल तर त्याची किंमत काय. हे उत्तर न देता शेवटच्या वीस पानांत ‘मृतांना परत आणता येत नाही’ असं एखाद्या म्हाताऱ्या गुरूच्या तोंडी घालणं ही फसवणूक आहे. जे मूल खरोखर आईवडील गमावून हे पुस्तक वाचत आहे, ते तोवर प्रत्येक पानावर वाट पाहत असतं. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या भागात आईवडील जिवंतच निघणं. ही कलाटणी छापण्याआधी तो एक वाचक डोळ्यांसमोर आणा, एवढंच म्हणू.

राजरक्ताबद्दल थोडक्यात. अनाथ मूल शेवटी थोर घराण्याचं निघतं आणि म्हणूनच ते शूर होतं, असा अर्थ निघेल तिथे लेखकाला हटका. ज्यांच्या घराण्यात कुणी थोर नव्हतं, त्यांनी काय समजायचं?

भाषेचे दोन मुद्दे. इंग्रजीतल्या एका ‘आंट’ला मराठीत मावशी, आत्या, काकू, मामी असे चार शब्द आहेत, आणि अनाथ मुलाच्या गोष्टीत यांतला कुठला हे ठरवल्याशिवाय पहिलं पानसुद्धा होत नाही. सांभाळणारी बाई मावशी असेल तर तिनं स्वतःची बहीण गमावली आहे. तिचा राग, तिची चिडचिड, आईचं नाव काढल्यावर तिचं उठून जाणं, सगळं वेगळं दिसू लागतं. काकू असेल तर ते नातं लग्नानं जोडलेलं आहे आणि मुलाचा भार दुसऱ्याच वाटेनं तिच्यावर आलेला आहे. हे न पाहता ‘आंटी’ लिहून मोकळं होणं किंवा अंदाजानं ‘काकू’ ठोकून देणं आणि तिसऱ्या भागात ती आईची बहीण निघणं, दोन्ही आम्हाला निस्तरावं लागतं. भाषांतर करणाऱ्याला मालिकेचे उपलब्ध असलेले सगळे भाग सुरुवातीलाच द्या. दुसरा मुद्दा विशेषणांचा: ‘बिचारा’, ‘बेवारस’, ‘दुर्दैवी’ हे शब्द पात्रांच्या तोंडी असू शकतात, निवेदकाच्या तोंडी नकोत. दत्तक घेतलेल्या मुलाच्या बाबतीत ‘खरे आईवडील’ असं लिहू नका. जन्मदाते म्हणा. सांभाळणारेही खरेच असतात.

शाळेचा हिशोबही एकदा मांडून पाहावा. सात इयत्ता, प्रत्येकी ४० मुलं, म्हणजे २८० मुलं. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, आठवड्याला ३० तास, तर एकूण ४२० तास. एका शिक्षकानं आठवड्याला २५ तास घेतले तरी निदान १७ शिक्षक लागतात. हस्तलिखितात पाच असतात. तिन्ही वेळची मिळून रोज ८४० ताटं होतात आणि ती वाढणारं कुणी दिसत नाही. अनाथ मुलाला याचा फरक पडतो, कारण घर नसलेलं मूल सुट्टीत याच माणसांबरोबर राहतं: स्वयंपाकघरातली बाई, रात्रपाळीचा पहारेकरी, धुणं करणारी. त्यांना नावं द्या.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत.

१. पानसंख्या बसवण्यासाठी कापाकापी करायची असेल तर आधी मांडणी तपासा, मग मेजवान्या आणि सामने, आणि सगळ्यांत शेवटी शोकाची पानं. तीही लेखकाच्या लेखी संमतीनं.

२. ‘मूल अमुक पानापर्यंत शाळेत पोचलंच पाहिजे’ ही सरसकट अट लेखकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांतून काढून टाका.

३. मालिका स्वीकारताना लेखकाकडून तीन कागद घ्या: पालकत्वाचा आणि सुट्ट्यांचा तक्ता, मुलाजवळच्या वस्तूंची यादी, आणि जादू काय करू शकत नाही याचे नियम. त्यांच्या प्रती संपादक, मुद्रितशोधक, भाषांतरकार आणि चित्रकार या सगळ्यांना द्या. चित्रकाराला विसरू नका, किल्लीची साखळी बऱ्याचदा मुखपृष्ठावरच बदलते.

४. छपाईआधी हस्तलिखित अशा माणसाकडून वाचून घ्या ज्यानं लहानपणी पालक गमावले आहेत किंवा जो अशा मुलांबरोबर काम करतो. त्याला या कामाचं मानधन द्या आणि त्याची इच्छा असेल तर श्रेयपानावर नाव द्या. त्याचे शेरे लेखकापर्यंत जसेच्या तसे पोचू द्या.

५. आजवर कापलेली अशी प्रकरणं ज्या पुस्तकांत होती, त्यांची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा लेखकाला विचारा. त्याला ती पानं परत हवी असतील तर परत घाला आणि श्रेयपानावर तशी नोंद करा.

यांतली कुठली मागणी आपल्याला अव्यवहार्य वाटत असेल तर कारणासह सांगा, आम्ही ओळी मोजून दाखवायला तयार आहोत. फक्त उत्तर जाहीरपणे द्या, म्हणजे लेखकांनाही ते वाचता येईल.

आपले,
किशोर कादंबऱ्यांचं संपादन, मुद्रितशोधन आणि भाषांतर करणारे